तान्ह्या पोळ्याचा नंदी का कलंडतो?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चंद्रपूर-गडचिरोलीकडे तान्हा पोळा असतो. मुले चाकांवरचे लाकडी नंदी ओढत नेतात. वाटेत खडा लागतो, एखादा नंदी कलंडतो आणि लहानगा रडू लागतो. असे का होते?

प्रत्येक वस्तूला गुरुत्वमध्य असतो. त्यातून जाणारी लंबरेषा चाकांमधल्या जागेत पडते, तोवर नंदी उभा राहतो. ती बाहेर गेली की तो पडतो. समजा, गुरुत्वमध्य २० सेंटिमीटर उंचीवर आहे. डाव्या-उजव्या चाकांत २० सेंटिमीटर अंतर असेल, तर सुमारे २७ अंश कलताच नंदी पडेल. अंतर ३० सेंटिमीटर असेल, तर तो सुमारे ३७ अंशांपर्यंत तग धरील.

म्हणून धाकट्या भावंडासाठी बुटका, रुंद पाटाचा नंदी निवडा. चाके मोठी असावीत. ती खड्यावर सहज चढतात. दोरी मानेला नव्हे, पाटाला बांधा. नाहीतर चाक अडताच नंदी तोंडावर पडेल. लाकूड सागाचे असल्यास उत्तम. आलापल्लीचा साग प्रसिद्धच आहे. पावसाळी हवेत साग फारसा फुगत नाही, त्यामुळे चाके आसावर मोकळी फिरतात.

नंदी फळीवर उभा करा, फळी हळूहळू एका बाजूने उचला आणि तो केव्हा कलंडतो ते कोनमापकाने मोजा.