लाडक्या संघाची कार्डे : किंमत आणि मोल

वस्तू जमवण्याची आवड मनुष्यस्वभावातच रुजलेली आहे. पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी, काडेपेट्यांवरील छाप, बबलगमच्या वेष्टनातून मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे अशा कितीतरी वस्तूंचे संग्रह आपल्याकडील घराघरांत एके काळी पाहावयास मिळत. अमेरिकेत हे स्थान बेसबॉलच्या कार्डांना लाभलेले आहे. तळहातावर मावेल एवढा जाड कागदाचा तुकडा, पुढील बाजूस खेळाडूचे चित्र, मागील बाजूस त्याची जन्मतारीख, उंची, वजन आणि कामगिरीचे आकडे. कार्डाचे स्वरूप एवढेच. मात्र त्यापैकी एखाद्या कार्डाला लिलावात एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम मिळते, तर त्याच आकाराच्या दुसऱ्या कार्डाला रद्दीइतकीही किंमत येत नाही. हा फरक कशामुळे पडतो आणि आपल्या एकाच लाडक्या संघाची कार्डे जमवणारा संग्राहक या चढउतारापासून बराचसा अलिप्त कसा राहतो, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

सिगारेटच्या पाकिटातून गोळीच्या पुडीत

या कार्डांचा जन्म खेळाच्या मैदानावर नव्हे, तर तंबाखूच्या व्यापारात झाला. १८८० च्या दशकात सिगारेटची पाकिटे मऊ कागदाची असत. आतील सिगारेटी चुरगळू नयेत म्हणून पाकिटात एक जाड कागद घालण्यात येई. त्या कोऱ्या कागदावर नट-नट्या, सेनानी आणि खेळाडू यांची चित्रे छापली, तर ग्राहक पुन्हा पुन्हा आपलेच पाकीट घेईल, हे उत्पादकांनी ओळखले. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने काढलेला रंगीत संच आज ‘टी-२०६’ या नावाने ओळखला जातो. त्यातील पिट्सबर्ग पायरेट्स संघाच्या होनस वॅग्नर याचे कार्ड अतिशय दुर्मीळ आहे. वॅग्नरने स्वतःच्या चित्राच्या वापरास हरकत घेतल्याने त्याची छपाई लवकर थांबली, असे सांगण्यात येते. २०२२ मध्ये या कार्डाची एक प्रत ७२.५ लाख डॉलरला विकली गेली.

पुढे तंबाखूची जागा चघळण्याच्या गोळीने, म्हणजे च्युइंगगमने घेतली आणि ग्राहक झाली लहान मुले. १९३३ मध्ये गाउडी कंपनीने २४० कार्डांचा संच काढला. मुले पुड्यांमागून पुड्या घेत राहिली. परंतु १०६ क्रमांकाचे कार्ड कोणालाच मिळेना. मिळणार तरी कसे? कंपनीने ते छापलेच नव्हते! तक्रारी येऊ लागल्या, तेव्हा १९३४ मध्ये नॅप लाजॉय या जुन्या खेळाडूचे कार्ड त्या क्रमांकाने छापून ते तक्रारदारांना टपालाने धाडण्यात आले. संच पूर्ण करण्याची माणसाची ओढ किती प्रबळ असते आणि व्यापारी तिचा उपयोग कसा करून घेतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

१९५२ चा संच

आधुनिक कार्डाचा पाया १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन विभागातील टॉप्स कंपनीने घातला. कंपनीचे साय बर्जर यांनी वुडी गेलमन यांच्या साहाय्याने, आपल्या स्वयंपाकघरातील टेबलावर बसून या कार्डांची रचना केली. मोठा आकार, खेळाडूची सही, संघाचे बोधचिन्ह आणि पाठीमागे गेल्या हंगामाचे व संपूर्ण कारकिर्दीचे आकडे अशी ही मांडणी होती. एकूण ४०७ कार्डांचा हा संच टप्प्याटप्प्याने बाजारात आला. ३११ ते ४०७ क्रमांकांचा शेवटचा टप्पा मात्र हंगाम संपत आला असताना दुकानांत पोहोचला. मुलांचे लक्ष तोवर फुटबॉलकडे वळले होते. माल पडून राहिला. वर्षानुवर्षे गोदाम अडवून बसलेली ती खोकी अखेर १९६० मध्ये बोटीवर लादून अटलांटिक महासागरात बुडवली, असे बर्जर यांनीच पुढे सांगितले आहे.

या शेवटच्या टप्प्यातील पहिले कार्ड, क्रमांक ३११, न्यूयॉर्क यँकीज संघाच्या मिकी मँटलचे आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याची एक अत्युत्तम प्रत १ कोटी २६ लाख डॉलरला विकली गेली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मँटलचे कार्ड त्याच टप्प्यातील बहुतेक कार्डांपेक्षा अधिक दुर्मीळ नाही. छपाईच्या तावावर ते दोनदा बसवले गेले होते, म्हणजे शेजारच्या बहुतेक कार्डांच्या दुप्पट प्रमाणात ते छापले गेले. तरीही किंमत त्याचीच अधिक. याचा अर्थ असा, की वस्तू थोडी असून भागत नाही. ती हवी असणारे पुष्कळ असावे लागतात. बाजारातील किंमत दुर्मीळता आणि मागणी या दोन चाकांवर चालते. त्यांपैकी मागणीचे चाक केव्हा अडेल याचा नेम नसतो.

एक संघ, एक शहर

आता ब्रुकलिनच्याच एका संघाकडे वळू. ट्रामगाड्यांच्या गर्दीतून वाट चुकवत चालणाऱ्या ब्रुकलिनकरांवरून या संघाला ‘डॉजर्स’, म्हणजे चुकवणारे, असे नाव पडले. १९४७ मध्ये या संघाने जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूस मैदानात उतरवले आणि अमेरिकेच्या प्रमुख साखळीतील अनेक दशकांची वर्णभेदाची भिंत कोसळली. संघ गुणी होता, पण नशिबाचा खडतर. १९४१, १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३ अशा पाच वर्षी ‘वर्ल्ड सिरीज’ या अंतिम मालिकेत यँकीजने त्याला हरवले. ‘पुढच्या वर्षी पाहू’ हा डॉजर्सच्या चाहत्यांचा परवलीचा शब्दच झाला होता. ते ‘पुढचे वर्ष’ १९५५ मध्ये उजाडले आणि डॉजर्सने यँकीजला नमवून अजिंक्यपद मिळवले. ब्रुकलिनच्या वाट्याला आलेले ते पहिले आणि अखेरचे अजिंक्यपद ठरले. कारण १९५७ च्या हंगामानंतर मालकांनी संघ लॉस एंजेलिसला नेला. एबेट्स फील्ड हे संघाचे मैदान १९६० मध्ये पाडण्यात आले आणि त्या जागी निवासी इमारती उभ्या राहिल्या.

संघ गेला, मैदान गेले. उरली ती कार्डे. म्हणूनच ब्रुकलिन डॉजर्सची कार्डे जमवणे हा अनेक संग्राहकांचा आवडीचा विषय झाला आहे. १९५२ ते १९५७ ही टॉप्सची सहा वर्षे घेतली, तरी एका संघाचा उदय, पराभव, विजय आणि निरोप असा सारा इतिहास क्रमाने हाती लागतो. १९५२ च्या संचातील पहिल्या क्रमांकाचे कार्ड डॉजर्सच्या अँडी पॅफ्को याचे आहे. पॅफ्को काही मँटलइतका थोर खेळाडू नव्हे. परंतु मुले कार्डांची चळत क्रमाने लावून रबराने बांधत आणि सर्वांत वरचे कार्ड साहजिकच सर्वांत आधी झिजे. त्यामुळे हे कार्ड चांगल्या अवस्थेत फारच क्वचित सापडते.

त्याच वर्षीची ड्यूक स्नायडर आणि गिल हॉजेस यांची कार्डे आरंभीच्या टप्प्यांत असल्याने तुलनेने सहज मिळतात. उलट जॅकी रॉबिन्सन, रॉय कॅम्पानेला, जो ब्लॅक आणि पी वी रीस हे चौघे नेमके त्या शेवटच्या, समुद्रार्पण झालेल्या टप्प्यात आहेत. १९५४ मध्ये आणखी एक अडचण उभी राहते. टॉप्स आणि बोमन या दोन कंपन्यांत खेळाडूंशी करार करण्याची चुरस लागली होती. परिणामी रॉबिन्सनचे कार्ड टॉप्सच्या संचात, तर कॅम्पानेला आणि रीस यांची कार्डे बोमनच्या संचात, अशी एकाच संघाची विभागणी झाली. १९५६ मध्ये टॉप्सने बोमन विकत घेतली, तेव्हा ही स्पर्धा थांबली. १९५५ च्या अजिंक्यपदाच्या वर्षी सँडी कोफॅक्स या नवख्या ब्रुकलिनकर तरुणाचे पहिले कार्ड निघाले. त्याची खरी कीर्ती मात्र पुढे लॉस एंजेलिसमध्ये झाली. रॉबिन्सनचे खेळाडू म्हणून टॉप्सचे अखेरचे कार्ड १९५६ चे. त्या डिसेंबरमध्ये त्याला न्यूयॉर्क जायंट्सकडे देण्याचा व्यवहार झाला. तो तेथे न जाता निवृत्त झाला. १९५८ च्या कार्डांवर चेहरे बरेचसे तेच आहेत, पण शहराचे नाव बदललेले आहे. ब्रुकलिनच्या संग्राहकाची वही येथे मिटते.

संग्रहाची आखणी

संघाचा संग्रह करू इच्छिणाऱ्याने प्रथम मर्यादा ठरवावी लागते. कोणती वर्षे, कोणत्या कंपन्या, केवळ मैदानावर उतरलेले खेळाडू की प्रशिक्षक आणि व्यवस्थापकही? दुसऱ्या संघात गेलेल्या खेळाडूची पुढील कार्डे घ्यावीत की नाही? हे एकदा ठरले, की हव्या असलेल्या कार्डांची यादी तयार होते. यादी असली, की खरेदीला शिस्त येते. मग मोहाने काहीही घेतले जात नाही.

दुसरा प्रश्न अवस्थेचा. कार्डाचे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मध्यभागी छापले गेले आहे की नाही, या चार गोष्टींवरून त्याची प्रत ठरते. १९९१ पासून काही संस्था शुल्क घेऊन कार्डाची तपासणी करतात आणि साधारणतः दहापैकी गुण देऊन ते प्लॅस्टिकच्या बंद पेटीत देतात. एका गुणाच्या फरकाने किंमत कित्येक पटींनी बदलते. त्यामुळे कडा कापून कार्ड नवे भासवण्याचे प्रकारही घडतात. वॅग्नरच्या सर्वांत प्रसिद्ध प्रतीच्या कडा आपण कापल्या होत्या, अशी कबुली लिलाव व्यावसायिक बिल मॅस्ट्रो यांनी २०१३ मध्ये दिली. संघाच्या संग्राहकास असा परिपूर्ण कोपरा हवाच असतो असे नाही. कोपरा दुमडलेले, कडा मऊ पडलेले रॉबिन्सनचे कार्डही त्याच्या वहीतील रिकामा कप्पा तितकाच भरून काढते, आणि पुष्कळ कमी पैशांत.

जपणूक अवघड नाही. ऊन, दमट हवा आणि रबर यांपासून कार्ड दूर ठेवावे. पीव्हीसी नसलेल्या प्लॅस्टिकचे पारदर्शक आवरण वापरावे. डिंक वा चिकटपट्टी कधीही लावू नये.

फुगा कसा फुटला

१९८० मधील न्यायालयीन निकालानंतर टॉप्सची मक्तेदारी संपली आणि १९८१ पासून फ्लीर आणि डॉनरस या कंपन्या मैदानात उतरल्या. १९८९ मध्ये अप्पर डेकही आली. याच सुमारास पन्नासच्या दशकातील कार्डांचे भाव वाढत असल्याच्या बातम्या झळकत होत्या. भावांची मासिके निघाली. अनेक कुटुंबांनी मुलांच्या महाविद्यालयीन शिक्षणाची तरतूद म्हणून नव्या कार्डांची न फोडलेली खोकी घरात रचून ठेवली. त्यांच्या हिशेबात एकच गोष्ट राहून गेली. जुनी कार्डे महाग झाली, कारण त्या काळी कोणीच ती जपली नव्हती. मुलांनी ती सायकलच्या चाकात खोचली, आयांनी केरात टाकली. नवी कार्डे मात्र सारेच जपत होते, आणि कंपन्या मागणीबरहुकूम अमाप छापत होत्या. १२ ऑगस्ट १९९४ रोजी खेळाडूंचा संप सुरू झाला, त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज रद्द झाली आणि चाहत्यांचे मन विटले. आधीच उतरणीला लागलेले भाव आणखी कोसळले, दुकाने बंद पडली. त्या वर्षांतील बहुतांश कार्डे आजही कवडीमोलाने मिळतात.

ज्यांनी खोकी साठवली, त्यांच्या हाती कागद उरला. परंतु त्याच काळात आपल्या संघातील प्रत्येक खेळाडूचे एकेक कार्ड जमवणाऱ्याचे काय गमावले? फारसे काही नाही. उलट जी कार्डे कमी पडत होती, ती त्याला स्वस्तात मिळाली. त्याने कार्ड घेतले होते ते पुढे विकण्यासाठी नव्हे, तर ओळीतील एक जागा भरण्यासाठी. ती जागा भाव उतरल्याने रिकामी होत नाही.

मोल ठरवणारा

या छंदाचा पाया ज्याने शास्त्रशुद्ध रीतीने घातला, तो जेफरसन बर्डिक हा सिराक्यूज शहरातील कारखान्यात विजेच्या उपकरणांचे भाग जोडणारा साधा कामगार होता. १९३९ मध्ये त्याने कार्डांची पहिली सूची प्रसिद्ध केली. ‘टी-२०६’ हे नाव त्याच्याच वर्गीकरणातून आलेले आहे. संधिवाताने बोटे आखडत असतानाही तो कार्डे वह्यांत चिकटवीत राहिला आणि आपला तीन लाखांहून अधिक वस्तूंचा संग्रह त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयास देऊन टाकला. १९६३ मध्ये त्याचे निधन झाले. त्या संग्रहात वॅग्नरचे कार्डही आहे. ते कधी लिलावात पुकारण्यासाठी नव्हे, तर पाहणाऱ्यांसाठी ठेवलेले आहे.

कार्डाची किंमत बाजार ठरवतो. मोल मात्र संग्राहक ठरवतो. केवळ किमतीसाठी जमवणाऱ्याने आपण व्यापार करीत आहोत हे ओळखून व्यापाराची जोखीमही स्वीकारली पाहिजे. छंद म्हणून जमवणाऱ्याने आपल्या हौसेला परवडेल एवढाच पैसा त्यात घालावा आणि संसाराची तरतूद अन्यत्र करावी. ही दोन खाती वेगळी राहिली, तर संग्रह निखळ आनंद देतो. ब्रुकलिनमध्ये आज डॉजर्स नाहीत, एबेट्स फील्डही नाही; पण ज्याच्या वहीत पॅफ्कोपासून कोफॅक्सपर्यंतची ओळ पूर्ण झाली आहे, त्याच्यापाशी तो संघ पानापानांवर क्रमाने उभा आहे.