सिंहगड-राजगड-तोरणा : डोंगरातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीची तयारी

सुरुवातीलाच हात वर करायला सांगतो. पूर्ण मॅरेथॉन पळलेले किती जण आहेत? बरेच आहेत. आणि सिंहगड, राजगड, तोरणा हे तिन्ही किल्ले एका दमात केलेले? चार-पाच. छान. आजचं बोलणं मुख्यतः पहिल्या गटासाठी आहे, कारण डोंगरातल्या अल्ट्रामध्ये सगळ्यात जास्त फसतात ते रस्त्यावरचे चांगले धावपटू. आम्हीही तसेच फसलो होतो.

अल्ट्रा म्हणजे ४२.१९५ किलोमीटरपेक्षा लांब शर्यत, एवढीच व्याख्या. पण डोंगरात किलोमीटर हे माप फारसं कामाचं नाही. आज आपण उदाहरण म्हणून आपल्या दारातलीच वाट घेऊ. सिंहगडाच्या कल्याण दरवाजाने उतरायचं, डोंगरधारेने विंझरच्या बाजूला यायचं, गुंजवणे गावातून चोर दरवाजाने राजगड चढायचा, संजीवनी माचीवरून अळू दरवाजाने बाहेर पडून तोरण्याची धार धरायची आणि बुधला माचीवरून तोरण्यात शिरायचं. ट्रेकर मंडळी याला नुसतं 'एसआरटी' म्हणतात. या परिसरात शर्यतही भरते. तिचा नेमका मार्ग आणि नियम त्या त्या वर्षीचे बघायचे. आपण बोलणार आहोत ते या प्रदेशाबद्दल आणि त्यासाठी शरीर कसं घडवायचं याबद्दल.

किलोमीटर विसरा, तास मोजा

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा हिशोब मांडला. आजच्या मापात सांगायचं तर दर ५ किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. हा चालणाऱ्यांसाठीचा हिशोब आहे, पण डोळे उघडायला पुरतो.

समजा, मार्ग ५० किलोमीटरचा आहे आणि एकूण चढ २,५०० मीटर. अंतराचे १० तास आणि चढाचे चारहून थोडे जास्त, म्हणजे सव्वाचौदा तास. चार तासांत मॅरेथॉन पळणारा माणूस मनात म्हणतो, "आठ किलोमीटर जास्त, म्हणजे पाच तास झाले." तो हिशोब इथेच कोसळतो. चांगली तयारी असेल तर आपण नेस्मिथच्या पुढे राहू, पण नऊ-दहा तास धरूनच चालायचं.

दुसरं एक सोपं माप आहे. चढाचे दर १०० मीटर म्हणजे एक जादा किलोमीटर धरायचा. मग आपले ५० किलोमीटर ७५ होतात. म्हणून सरावाच्या वहीत दोन रकाने ठेवा : आठवड्यात किती तास पायांवर होतो, आणि किती मीटर चढलो. किलोमीटरचा रकाना नसला तरी चालेल.

पुणेकरांना चढ मोजायला सिंहगड आहेच. आतकरवाडीकडून वर जाताना साधारण पावणेतीन किलोमीटरमध्ये सुमारे ६०० मीटर चढ मिळतो. आठवड्यातून एकदा तो दोनदा चढला-उतरला की १,२०० मीटर झाले. ज्यांच्याजवळ डोंगर नाही त्यांनी इमारतीचा जिना धरावा. तीन मीटरचा एक मजला म्हटला तर दहा मजले वीस वेळा चढलं की ६०० मीटर. कंटाळवाणं आहे, पण शर्यतीतला कंटाळाही असाच असतो.

पाय मोडतात ते उतारावर

चढावर छाती भरून येते, म्हणून आपल्याला वाटतं की कठीण काम तेच. पण चढावर माणूस दमतो, थांबतो आणि पुन्हा चालायला लागतो. उतारावर जे होतं ते असं थांबून भरून निघत नाही.

उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकचं काम करतो. तो ताणला जात असतानाच त्याला जोर लावावा लागतो. अशा कामात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. लगेच कळत नाही. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं, पण ताकद मात्र त्याच दिवशी जाते. कल्याण दरवाजाकडून जोशात खाली पळत आलेला माणूस राजगडाच्या चढाला लागतो तेव्हा त्याच्या मांड्या रिकाम्या झालेल्या असतात. तो म्हणतो, "चढ झेपत नाही." खरं तर त्याला आधीचा उतार झेपलेला नसतो.

यात एक चांगली गोष्ट आहे. स्नायू हे लवकर शिकतात. एकदा उताराचा मार खाल्ला की पुढचे काही आठवडे तोच उतार पुष्कळ कमी इजा करतो. म्हणून दर दहा-पंधरा दिवसांनी ठरवून उतार पळायचा. सुरुवात छोट्या उतारापासून करायची. शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी, त्यानंतर नाही.

आणि तंत्र? पावलं छोटी आणि भराभर. नजर पायाजवळ नको, तीन-चार पावलं पुढे हवी. मागे रेलून टाच रोवायची नाही. पावसाळ्यानंतर आपल्याकडच्या वाटांवर घसारा असतो, सुटा मुरूम आणि त्यावर वाळलेलं गवत. मागे रेललात की पाय सटकलाच म्हणून समजा. कातळावर हात टेकायला लाजू नका.

सहा महिने कसे वाटायचे

डिसेंबरातली शर्यत धरली तर सराव जूनमध्ये सुरू होतो, आणि आपले ऋतू त्यासाठी सोयीचे आहेत.

जून ते ऑगस्ट : पाया घालायचा. आठवड्यातून चार दिवस पळणं, त्यातला एक चढाचा. दोन दिवस ताकदीचे : बैठका, एका पायावरच्या बैठका, पायरीवरून सावकाश खाली उतरणं, पोटरीचे व्यायाम. पावसात शेवाळलेल्या कातळावर पळायचं नाही, चालायचं. या काळात मुरगळलेला घोटा डिसेंबरपर्यंत पिच्छा पुरवतो.

सप्टेंबर-ऑक्टोबर : लांब दिवस वाढवायचे. शनिवारी चार तास आणि रविवारी तीन तास, असं जोडून केलं की थकलेल्या पायांवर पळायची सवय होते. एकाच दिवशी सात तास करण्यापेक्षा यात इजा कमी होते. दर चौथा आठवडा हलका ठेवा. गणपती, दसरा घरच्यांबरोबर साजरे करायचे असतातच, हलके आठवडे तिथे बसवा. घरचं माणूस नाराज असेल तर पहाटे साडेतीनचा गजर फार दिवस वाजत नाही.

नोव्हेंबर : एक सर्वांत लांब दिवस, सहा ते आठ तासांचा, शर्यतीच्या चारेक आठवडे आधी. जो बूट, जी पिशवी, जे खाणं शर्यतीत असणार, तेच त्या दिवशी. शेवटचे दोन-तीन आठवडे सराव निम्म्यावर आणायचा. या दिवसांत अंगात शक्ती असल्यासारखं वाटतं आणि "आज एकदा सिंहगड मारून येऊ" अशी हुक्की येते. नका जाऊ.

पोटालाही सराव लागतो

शरीरात साठवलेली साखर साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे सुमारे दोन हजार कॅलरी. ती काही तासांत संपते. पुढचं सगळं वाटेत खाऊन भागवावं लागतं. लांब पल्ल्याला तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं हे बऱ्याच जणांना झेपणारं प्रमाण आहे. एका मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास असतात, मध्यम उकडलेल्या बटाट्यातही जवळपास तेवढीच. म्हणजे तासाला दोन केळी आणि वर थोडी चिक्की. ऐकायला सोपं आहे. पण सहाव्या तासाला, दुपारच्या उन्हात, तोंड कोरडं पडलेलं असताना हे गिळून बघा! पळताना रक्त पायांकडे जातं, पोट रुसतं. म्हणून प्रत्येक लांब सरावात खायची सवय करायची. मीठ लावलेला बटाटा, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, गुळपोळी, जेल, जे मानवेल ते. शर्यतीच्या दिवशी नवीन काही नाही, मग ते कितीही महाग असो.

आता पाणी. "तहान लागायच्या आधी प्या, जेवढं जमेल तेवढं प्या" हा सल्ला आपण सगळ्यांनी ऐकलाय. तो धोकादायक आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के जणांमध्ये सोडियमची पातळी असावी त्यापेक्षा कमी निघाली. त्यातल्या मोठ्या भागाने इतकं पाणी प्यायलं होतं की पळून आल्यावर वजन वाढलं होतं. सोडियम फार खाली गेलं तर मेंदूला सूज येते आणि माणूस दगावू शकतो.

मग प्यायचं किती? घरी करून बघा. तासभर पळण्याआधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. एक किलो कमी झालं तर एक लिटर घाम गेला, मध्ये प्यायलेलं त्यात मिळवायचं. थंडीत एकदा आणि ऑक्टोबरच्या उन्हात एकदा करा, दोन आकडे फार वेगळे येतील. त्या आकड्याच्या वर जायचं नाही आणि मध्ये तहानेचं ऐकायचं. मिठाचं लिंबू सरबत, ताक, ओआरएस यांपैकी जे पोटाला चालतं ते बरोबर असू द्या.

राजगड-तोरणा धारेवरची एक दुपार

हे सांगायला आम्हाला आवडत नाही, पण सांगितलं पाहिजे. ऑक्टोबरातला सराव होता. आम्ही चौघे राजगडाहून तोरण्याकडे निघालो, उशिरा. प्रत्येकाकडे दोन लिटर पाणी. त्या धारेवर सावली तुरळक आणि वाटेत भरवशाचं पाणी नाही, हे आम्हाला माहीत होतं. दुपारी एकच्या सुमारास आमच्यातला सगळ्यात तगडा माणूस मागे पडायला लागला. विचारलं तर म्हणाला, "थोडं बसलो की होईन ठीक." आम्ही बसलो. वीस मिनिटं गेली. मग त्याने विचारलं, "आपण सिंहगडावर कधी पोचणार?" सिंहगड आम्ही सकाळीच सोडला होता.

अंगाला हात लावला तर चटका बसत होता. उरलेलं सगळं पाणी त्याच्या डोक्यावर, मानेवर, काखेत ओतलं, शर्टाने वारा घातला, धरून खिंडीतल्या रस्त्यापर्यंत उतरवलं. जवळच्या वस्तीवरच्या एका मावशींनी दोन हंडे पाणी दिलं, तेही त्याच्यावरच ओतलं, आणि एका जीपवाल्याने खाली नेलं. दोन दिवस दवाखान्यात काढून तो घरी आला. आज तो ठीक आहे. पण ती वीस मिनिटं आमच्या मनातून जात नाहीत. उष्माघातात आधी गार करायचं असतं, मग हलवायचं. आम्ही बसून वाट बघत होतो, कारण तो तगडा होता आणि ठीक होईन म्हणाला होता.

तेव्हापासून प्रत्येक थांब्यावर आम्ही एकमेकांना तीन प्रश्न विचारतो. आत्ता कुठे आहोत आणि पुढे काय येणार? शेवटची लघवी कधी झाली, रंग कसा होता? खाल्लेलं पोटात राहतंय का? पहिलं उत्तर चुकलं की पळणं तिथेच संपलं. लघवी चहासारखी गडद झाली असेल तरी संपलं, ते स्नायूंच्या इजेचं आणि मूत्रपिंडावरच्या ताणाचं लक्षण असू शकतं. आणि म्हणूनच पळताना दुखणं दाबायला आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, त्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात.

पिशवीत काय आणि का

आयोजक सक्तीच्या सामानाची यादी देतात तेव्हा लोक कुरकुरतात. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरची डोंगरी शर्यत होती, १७२ धावपटू. अचानक गारा, पाऊस आणि जोराचा वारा सुरू झाला. बरेच जण पातळ कपड्यांत होते, वारारोधक जाकीट सक्तीचं नव्हतं. २१ जण गारठून गेले. आपल्याकडे तेवढी थंडी नाही, पण डिसेंबरच्या पहाटे घामेजलेल्या अंगाने धारेवरच्या वाऱ्यात पाय मुरगळून बसावं लागलं तर तासाभरात हुडहुडी भरते. म्हणून पातळ जाकीट, चमकणारी आपत्कालीन चादर, शिट्टी, क्रेप बँडेज, डोक्याला लावायची विजेरी आणि तिचे जादा सेल, चार्ज केलेला फोन. रुग्णवाहिकेसाठी १०८. मात्र दरीत रेंज जाते, त्यामुळे सोबत्याला सोडून एकट्याने पुढे जायचं नाही.

विजेरीच्या उजेडात एकदा तरी सराव करा. अंधारात ढोरवाटा मुख्य वाटेसारख्याच दिसतात, कारवीत शिरलेली प्रत्येक वाट खरी वाटते. दहा मिनिटं खूण दिसली नाही तर शेवटच्या खुणेपर्यंत मागे फिरायचं. बूट अर्धा नंबर मोठे, नखं कापलेली, घासणाऱ्या जागी व्हॅसलीन. हे झालं की सामान झालं.

प्रश्नोत्तरं

*वय ५२ आहे. सुरुवात करू का?*
जरूर. आधी हृदयाची तपासणी करून घ्या आणि सहा महिन्यांऐवजी वर्ष द्या. पहिल्या वर्षी छोटं अंतर. पंचविशीतल्यांपेक्षा पन्नाशीतली माणसं वेग राखण्यात शहाणी असतात, हा आमचा अनुभव आहे.

*काठ्या वापराव्यात का?*
चढावर मांड्यांचा भार कमी होतो, म्हणून उपयोग आहे. पण कातळटप्प्यावर हात मोकळे लागतात. काठ्या पळता पळता दुमडून पिशवीत टाकता आल्या पाहिजेत. आधी शर्यतीला परवानगी आहे का ते बघा.

*सोडून द्यायचं की नाही, हे ऐनवेळी कसं ठरवायचं?*
ऐनवेळी ठरवूच नका, कारण तेव्हा डोकं थकलेलं असतं. आदल्या रात्री कागदावर लिहा : अमुक झालं तर मी थांबणार. तो कागद सोबत्याकडे द्या आणि निर्णय त्यालाच घेऊ द्या. आमच्या त्या मित्राने पुढच्या डिसेंबरात शर्यत पूर्ण केली. त्याचा कागद आमच्याकडे होता. उघडायची वेळ आली नाही.