दूरच्या संगणकावर काम : योग्य साधनाची निवड

उमरखेड तालुक्यातील ढाणकीहून यवतमाळ शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. शेतकरी गटाच्या हिशेबाचा संगणक ढाणकीत आणि त्यातील जाणकार यवतमाळला किंवा पुण्याला, अशी स्थिती असल्यास क्षुल्लक दुरुस्तीकरिता दर वेळी एस. टी. धरण्याचे कारण नाही. इंटरनेटच्या साहाय्याने एका संगणकाचा पडदा दुसऱ्यावर पाहता येतो व तेथूनच तो चालविताही येतो. यास रिमोट डेस्कटॉप म्हणतात.

गटाकडे विंडोज आणि जाणकाराकडे लिनक्स किंवा मॅक असेल, तर निवड विचारपूर्वक करावी लागते. ज्या संगणकावर काम व्हावयाचे, त्याची प्रणाली प्रथम पाहावी. विंडोजची स्वतःची सोय उत्तम आहे व तिला लिनक्स आणि मॅकवरूनही जोडून घेता येते; परंतु बाहेरून येऊ देण्याची मुभा ‘प्रो’सारख्या आवृत्त्यांतच असते. ‘होम’ आवृत्तीच्या संगणकावरून दुसरीकडे जाता येते, त्याच्यावर कोणास येता येत नाही. स्वस्तात घेतलेल्या संगणकावर बहुधा होमच असते, आणि हे न पाहता दोन दोन दिवस खटपट करण्यात अर्थ नाही. शिवाय ही सोय थेट इंटरनेटवर उघडी ठेवणे म्हणजे कुंपण काढून पीक राखण्यासारखे आहे.

होम आवृत्ती असल्यास क्रोम रिमोट डेस्कटॉप सोयीचे पडते. ते विनामूल्य असून तिन्ही प्रणालींवर चालते. मात्र गूगलचे खाते लागते. टीमव्ह्यूअर व एनीडेस्क यांचा विनामूल्य वापर खाजगी कामापुरताच आहे. व्यवसायाच्या कामास शुल्क पडते. रस्टडेस्क हे मुक्त साधन असून त्याची मध्यस्थ यंत्रणा स्वतःच्या ताब्यात ठेवता येते. अनेक गावांचे संगणक सांभाळणाऱ्या संस्थेने त्याचा अवश्य विचार करावा.

या साधनांचा दुरुपयोगही होतो. अनोळखी इसम बँकेचा माणूस म्हणून दूरध्वनी करतो, मोबाईलवर असे साधन घेण्यास सांगतो आणि त्यात उमटलेला अंक विचारतो. अंक दिला व परवानगी दिली की शेतकऱ्याचा पडदा त्याच्या हाती जातो आणि खात्यातील रक्कम निघून जाते. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्ये एनीडेस्कच्या अशा वापराबद्दल बँकांना सावध केले होते. दोष साधनाचा नाही. अनोळखी माणसास किल्ली देण्याचा आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट सभेत आवर्जून सांगावी. फसवणूक झालीच तर विलंब न लावता 1930 या क्रमांकावर कळवावे.

ओळखीच्या जाणकारासही परवानगी कामापुरतीच द्यावी, काम चालू असता पडद्यासमोर कोणी तरी बसावे आणि त्या वेळी बँकेचे पान उघडू नये. इंटरनेट मंद असल्यास चित्राची प्रत कमी करावी म्हणजे काम अडत नाही. वीज गेल्यास मात्र कोणत्याच साधनाचा उपाय चालत नाही. म्हणून भारनियमनाच्या वेळा जाणकारास आधी कळवाव्यात.