जागांची अदलाबदल : संगणकाच्या पटावरील चाल आणि मैदानावरील तिची किंमत

गाझियाबाद : फुटबॉल संघाचे व्यवस्थापन करण्याच्या संगणकीय खेळांत एक सूचना नवख्यांना फार मोहात पाडते. दोन खेळाडू निवडायचे आणि सामना सुरू असताना त्यांनी अधूनमधून आपापल्या जागा बदलाव्यात, असे सांगून ठेवायचे. बहुधा ही जोडी डाव्या आणि उजव्या विंगरची असते. प्रतिस्पर्धी बचावपटू गोंधळेल आणि गोल होईल, ही अपेक्षा. प्रत्यक्षात अनेकदा आपलाच संघ गोंधळतो, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

या प्रकारातील सर्वाधिक परिचित खेळ म्हणजे ‘फुटबॉल मॅनेजर’. १९९२ मध्ये ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ या नावाने सुरू झालेली ही परंपरा २००४ पासून नव्या नावाने चालू आहे. त्यात खेळाडूचे बहुतेक गुण १ ते २० या मापाने मोजले जातात. मात्र एखाद्या जागेवर तो किती सहजतेने खेळतो, याची नोंद वेगळी असते. डावा पाय आणि उजवा पाय यांचीही स्वतंत्र असते. म्हणजे वेग व कौशल्य उत्तम असलेला डावा विंगर उजवीकडे गेला की तोच खेळाडू राहतो, पण त्या जागेची जाण त्याला नसेल तर त्याचे निर्णय बिघडतात. अदलाबदल करण्यापूर्वी दोघांचीही दोन्ही जागांवरील नोंद पाहावी लागते. एकाचीच पाहणे ही नेहमीची चूक.

दुसरी अडचण पायांची. उजव्या पायाचा खेळाडू डाव्या बाजूला असला की तो चेंडू घेऊन आत वळतो आणि गोलवर फटका मारतो. तोच उजवीकडे गेला की कडेने धावून गोलसमोर चेंडू टाकू लागतो. बचावपटूपुढे दोन वेगळे प्रश्न उभे राहतात, हा या चालीचा खरा लाभ. पण मागे खेळणाऱ्या फुलबॅकचे काय? विंगर आत वळणार म्हणून कडेची मोकळी वाट फुलबॅकला दिलेली असते. अदलाबदलीनंतर तेथे कडेनेच धावणारा विंगर आला, तर आपलेच दोघे एका वाटेवर येऊन अडतात.

चाल साधली तर काय घडते, याचे उत्तम उदाहरण २५ मे २०१३ रोजी वेम्बली येथे दिसले. चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बायर्न म्युनिककडून उजव्या पायाचा फ्रांक रिबेरी डावीकडे आणि डाव्या पायाचा आर्येन रॉबेन उजवीकडे, अशी रचना सर्वांना पाठ होती. तरीही ६० व्या मिनिटाला रॉबेन डाव्या बाजूला पोहोचला, रिबेरीने त्याला चेंडू दिला आणि त्याच्या पासवर मारिओ मांजुकिचने गोल केला. पुढे डॉर्टमुंडने बरोबरी साधली, पण ८९ व्या मिनिटाला रॉबेननेच विजयी गोल केला. निकाल २-१.

क्षणिक अदलाबदल आणि कायमचा जागाबदल यांत मात्र गल्लत करू नये. दुसऱ्या प्रकारचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. गोव्याचा मंदार राव देसाई हा एफसी गोवा संघाचा डावा विंगर. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांच्या काळात तो डावा फुलबॅक झाला. आघाडीच्या खेळाडूला मागे जाण्यास सांगणे म्हणजे त्याच्या वाट्याचे गोल आणि टाळ्या कमी करणे. अशा प्रयोगात कारकीर्दच पणाला लागते. मंदारने ती जागा आपलीशी केली. पुढे लोबेरा यांच्याच मुंबई सिटी संघातून २०२०-२१ मध्ये इंडियन सुपर लीगची साखळी फेरीतील ढाल आणि करंडक ही दोन्ही विजेतेपदे त्याने अनुभवली. व्यवस्थापन-खेळातही नव्या जागेचा सराव देता येतो, पण ती अंगवळणी पडण्यास महिने लागतात. घाई करणाऱ्याला हे पटत नाही.

या चालीचा सर्वांत मोठा धोका चेंडू हातचा गेल्यानंतर दिसतो. दोन विंगर मैदान ओलांडत असताना चेंडू गमावला, तर काही क्षण दोन्ही कडा उघड्या पडतात. म्हणून दोन टोकांच्या विंगरांपेक्षा शेजारच्या दोघांची, उदाहरणार्थ विंगर आणि आतील मध्यरक्षक यांची, अदलाबदल कमी जोखमीची. अंतरच थोडे असते. प्रतिस्पर्ध्याचा एखादा फुलबॅक संथ किंवा दमलेला असेल, तेव्हा वेगवान विंगर काही काळ त्याच्यासमोर नेणे हा तर सरळ हिशेब आहे. त्यासाठी संपूर्ण सामनाभर फिरते चक्र कशाला हवे?

दूरचित्रवाणीवर हे सारे नीट दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे धावतो. गाझियाबादच्या वैशाली स्थानकातून मेट्रोने मंडी हाऊसला यावे आणि तेथे गाडी बदलून जवाहरलाल नेहरू स्टेडियम गाठावे. पंजाब एफसीने २०२३-२४ च्या मोसमात आपले घरचे सामने याच मैदानावर खेळले. सज्ज्यात उंचावर बसले, की चेंडूपासून दूर असलेला विंगर जागा केव्हा सोडतो आणि त्याच्या मागे कोण धावते, हे दोन्ही एकाच नजरेत येते.