टॉनी पोर्टचं वय जिभेवर कसं ओळखायचं?

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल की पनवेलचा आणि पोर्ट वाइनचा काय संबंध? संबंध आहे. मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६, आपल्या पनवेलपासून सुरू होतो. गोव्याहून परतताना 'पोर्ट' लिहिलेली स्वस्त, गोड, जांभळट वाइन घेऊन येणारी मंडळी याच रस्त्याने येतात. (परवाना नसताना आणू नका. बांद्याजवळच्या इन्सुली नाक्यावर गाड्या तपासतात.) दुसरीकडे नातेवाईक परदेशातून येतात, दोन लिटरच्या सवलतीत एखादी महागडी बाटली आणतात, तिच्यावर '१० वर्षं' किंवा '२० वर्षं' असा आकडा असतो, आणि ती घरच्या शोकेसमध्ये जाऊन बसते. या दोन्ही बाटल्यांवर शब्द एकच, पोर्ट. आत मात्र अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या कशा, आणि त्या आकड्याला पैसे मोजावेत का, एवढंच आज आपण बघणार आहोत.

आधी खरी पोर्ट. ती उत्तर पोर्तुगालमधल्या दोरू नदीच्या खोऱ्यातली. पोंबालच्या मार्किसने १७५६ साली या प्रदेशाची हद्द ठरवून दिली. आपल्या रेवदंड्याचा किल्ला पोर्तुगीजांच्या हातून मराठ्यांकडे गेला १७४० मध्ये, म्हणजे त्याच्या सोळा वर्षं आधी. द्राक्षांचा रस आंबायला लागला की त्यातली साखर संपत जाते आणि मद्यार्क वाढत जातो. निम्मी साखर शिल्लक असतानाच त्यात द्राक्षांपासून काढलेला ७७ टक्क्यांचा तीव्र मद्यार्क ओततात. यीस्ट मरतं, आंबणं थांबतं, गोडवा तसाच राहतो. प्रमाण साधारण असं : ५५० लिटरच्या पिंपात ४३५ लिटर रस आणि ११५ लिटर मद्यार्क. तयार वाइन १९ ते २२ टक्क्यांची होते. आणि हो, आपला 'पिंप' हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांचाच, त्यांच्या 'पिपा'वरून आलेला. पाव, चावी, पगार यांच्याच पंगतीतला.

इथून पुढे दोन वाटा फुटतात. काही पोर्ट लवकर बाटलीत भरतात आणि ती बंद बाटलीत वर्षानुवर्षं मुरते. ती विंटेज. टॉनी मात्र जुन्या लाकडी पिंपात राहते. लाकूड मुद्दाम जुनं घेतात, कारण त्याची चव उतरायला नको असते. त्यातून थोडी थोडी हवा आत जावी एवढंच त्याचं काम. घरातलं उदाहरण घ्यायचं तर विंटेज म्हणजे दादरा बांधलेल्या बरणीतलं लोणचं, आणि टॉनी म्हणजे चिंच. नवी चिंच तांबूस असते, वर्षभरात हवेने काळी पडते, चव गोलसर होते. टॉनीचंही तसंच होतं. लाल रंगद्रव्यं एकमेकांना चिकटून तळाला बसतात, उरलेला रंग विटकरी, मग बदामी, मग काकवीसारखा होतो.

त्याच वेळी पिंपातली वाइन उडतही असते. वर्षाला साधारण २ टक्के धरा. ५५० लिटरचे, पुन्हा न भरता, १० वर्षांनी सुमारे ४५० लिटर राहतील, २० वर्षांनी ३६७ आणि ४० वर्षांनी २४५. निम्म्याहून जास्त हवेत गेली! साखर आणि आंबटपणा मात्र उडत नाहीत, म्हणून उरलेली वाइन दाट होत जाते. जुनी टॉनी महाग का, याचं बरंचसं उत्तर या हिशेबात आहे. उरलेलं उत्तर म्हणजे चाळीस वर्षं अडकून पडलेलं भांडवल.

आता लेबलवरचा आकडा. '२० वर्षं' म्हणजे आतला प्रत्येक थेंब वीस वर्षांचा, असं नाही. तरुण आणि म्हाताऱ्या पिंपांचं मिश्रण करून वीस वर्षांच्या टॉनीला शोभेल अशी चव जुळवतात. दोरू-पोर्तोच्या वाइन संस्थेचं चाखणारं मंडळ ती चव मान्य करतं, मग आकडा छापतात. घराण्याचा गोडा मसाला दरवर्षी तसाच लागावा, अशातली ती कसरत. एकाच वर्षाच्या द्राक्षांची टॉनी हवी असेल तर 'कोल्येइता' शब्द शोधा. ती निदान सात वर्षं लाकडात असते आणि तिच्यावर वर्ष छापलेलं असतं.

चाखायचं कसं? १०, २० आणि ४० वर्षांची टॉनी मिळाली तर उत्तम, नाहीतर पहिल्या दोन पुरेत. सहा-सात जणांनी मिळून एकेक बाटली घेतली की खर्चही वाटला जातो. पनवेलच्या उकाड्यात खोलीच्या तापमानाला ती पिऊच नका, नाकात नुसता मद्यार्क जातो. फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवा, १४ अंशांच्या आसपास येऊ द्या. प्रत्येक ग्लासात ३० मिली. तीन ग्लासांचे मिळून साधारण १८ मिली शुद्ध मद्यार्क होतो. तोही नको असेल तर जाणकार करतात तसं करा : तोंडात घोळवा आणि पिकदाणीत टाका. ग्लासांच्या बुडाला चिठ्ठ्या लावा आणि ओतणाऱ्याने गप्प बसावं. किंमत माहीत असली की जीभ खोटं बोलते, हा आमचा ठाम अनुभव आहे.

आधी रंग बघा, पांढऱ्या कागदावर ग्लास तिरपा धरून. १० वर्षांच्या टॉनीत लालसर झाक असते. वासाला मनुका, सुकं अंजीर, शेंगदाण्याची चिक्की. २० वर्षांच्या टॉनीत फळ मागे सरकतं, अक्रोड, भाजलेले बदाम, संत्र्याची वाळलेली साल पुढे येते. ४० वर्षांच्या टॉनीच्या कडेला कधीकधी हिरवट छटा दिसते. वास काकवीचा, कॉफीचा आणि, आता हसू नका, मेथीचा! ही कविकल्पना नव्हे. जुन्या पोर्टमध्ये 'सोटोलॉन' नावाचा पदार्थ वयाबरोबर वाढत जातो, आणि मेथीदाण्याचा ओळखीचा वास त्याचाच. बाळंतिणीसाठी मेथीचे लाडू वळलेल्या घरात वाढलेल्या माणसाला हा वास लंडनच्या तज्ज्ञापेक्षा लवकर सापडावा. मेथीदाणे वाटीत घेऊन शेजारी ठेवा, आलटून पालटून हुंगा.

मग घोट. गोडव्यावर अडकू नका, गोड तर तिन्ही आहेत. आंबटपणा त्या गोडव्याला तोलून धरतो का, ते बघा. गिळल्यावर (किंवा टाकल्यावर) चव किती वेळ टिकते, ते मनात आकडे मोजून बघा. दोन ग्लासांमध्ये साधं पाणी आणि पावाचा तुकडा. भजी, फरसाण नंतर.

आमचं मत विचाराल तर २० वर्षांची टॉनी सगळ्यात समतोल. त्यात फळही उरलेलं असतं आणि सुक्या मेव्याची खोलीही आलेली असते. ४० वर्षांची थक्क करते, पण दुसरा घोट जड जातो, आणि तिच्या किमतीत वीसच्या काही बाटल्या येतात.

आणि गोव्याची पोर्ट? तीही चौथ्या ग्लासात ओता, शेवटी. साधारण १४-१५ टक्के मद्यार्क, अनेकदा बंगलोर ब्लू द्राक्ष, लाकडात वर्षं काढलेली नाहीत. गडद जांभळा रंग, द्राक्षाच्या सरबतासारखा वास. युरोपात तिला पोर्ट म्हणून विकता येणार नाही, ते नाव दोरूसाठी राखीव आहे. म्हणून ती वाईट ठरत नाही. नाताळच्या जेवणाबरोबर, बर्फ घालून ती मजेची लागते. फक्त तिला टॉनीच्या परीक्षेला बसवू नका.

राहिली शोकेसमधली बाटली. 'लेकीच्या लग्नात उघडू, तोवर अजून मुरेल,' असं पुष्कळ घरांत म्हणतात. टॉनी बाटलीत मुरत नाही. तिचं वय पिंपातून बाहेर पडलं त्या दिवशी थांबलं. दहाची टॉनी दहा वर्षं कपाटात ठेवली तर वीसची होत नाही, उलट आपल्या उन्हाळ्यात ती फळ गमावून बसते. लेबलवर बाटलीत भरल्याचं वर्ष असतं, ते आज घरी जाऊन वाचा. बाटली उभी ठेवा, काळोखात ठेवा. बूच काढल्यावर फ्रिजमध्ये ती काही आठवडे छान राहते, म्हणजे एका रात्रीत संपवायची घाई नाही. आपल्याकडे प्यायचा परवाना लागतो, तो राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून घेता येतो, आणि वाइनसाठी वय २१ पूर्ण हवं.