नवी छडी घेण्यापूर्वी

स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा वैद्यकाबाहेरच्या विषयावर लिहिण्याचा आग्रह धरला, तेव्हा प्रथम मनात आली ती मासेमारी. इंदूरच्या बालरोगतज्ज्ञाने मासेमारीवर लिहावे, याचे अनेकांना नवल वाटेल. पण गेली वीस-बावीस वर्षे या छंदाने माझी सोबत केली आहे आणि त्यातच मला पन्नास हजारांहून अधिक रुपयांचा एक धडाही मिळाला आहे. तो धडा व्यवसायबंधूंना फुकट मिळावा, एवढाच या लेखाचा हेतू.

२००३ साली मी स्कॉटलंडमध्ये एका बालरुग्णालयात काम करीत होतो. तेथील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला कृत्रिम माशीने ट्राउट पकडण्याची, म्हणजे फ्लाय फिशिंगची, दीक्षा दिली. आपल्याकडच्या गळात पुढच्या टोकाला शिशाचे वजन असते आणि ते दोरीला ओढून नेते. येथे नेमके उलटे. पिसे व धागा यांची बनविलेली माशी जवळजवळ वजनरहित असते. वजन असते ते जाड, निमुळत्या दोरीत. छडी मागे झुलवून थांबवावयाची, दोरी पाठीमागे सरळ होऊ द्यावयाची आणि मग पुढे सोडावयाची. छडी वाकते, ताण साठविते आणि तोच ताण दोरीला पुढे नेतो. हाताने फक्त वेळ साधावयाची असते. जोर लावला की सारे बिघडते.

भारतात परतल्यावर हा छंद सुटेल असे वाटले होते. परंतु १९०० साली स्कॉटलंडहून काश्मीरमध्ये आलेली ट्राउट पुढे हिमाचलातही रुजली. कुलू खोऱ्यात १९०९ साली जी. सी. एल. हॉवेल यांच्या पुढाकाराने तिचे उबवणी केंद्र उभे राहिले. म्हणून दरवर्षी मे अथवा ऑक्टोबरात आठवडाभर बंजारजवळच्या तीर्थन नदीकाठी जाण्याचा माझा परिपाठ पडला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा माशांच्या विणीचा काळ असल्याने तेथे बंदी असते. एरवी मत्स्य विभागाचा परवाना घ्यावा लागतो.

स्कॉटलंडमध्ये घेतलेली साधी छडी मी चौदा वर्षे वापरली. शिकाऊपण संपले होते, प्रावीण्य मात्र आले नव्हते. या मधल्या पायरीवर प्रत्येक छांदिष्टाला एक भ्रम होतो, की आता आपल्याला अडविते आहे ते साधन! मलाही तो झाला. २०१७ साली अमेरिकेतील मेहुण्याकरवी मी एक अत्यंत महागडी, ताठ प्रकृतीची छडी मागविली. तिची ख्याती दूरवर दोरी फेकण्याबद्दल होती. सौभाग्यवतींनी किंमत विचारली, तेव्हा मी रुपयांऐवजी डॉलरमध्ये उत्तर दिले.

त्या ऑक्टोबरात तीर्थनच्या काठी माझी पुरती फजिती झाली. दोरी पाण्यावर वेटोळ्यांत पडे. छडी वाकेना, म्हणून मी जोर वाढविला. मूठ घट्ट आवळली. सहाव्या दिवशी उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ उठली. इंदूरला परतल्यावर अस्थिरोगतज्ज्ञ मित्राने दोन बोटांनी दाबून निदान केले, ‘टेनिस एल्बो’. टेनिस मी आयुष्यात खेळलेलो नाही! पुढचे सहा आठवडे नवजात अर्भकाच्या शिरेत सुई घालण्यासाठी मला कनिष्ठ सहकाऱ्यांकडे पाहावे लागले. बाराशे ग्रॅमच्या बाळासमोर आपला हात थरथरतो आहे, ही जाणीव कोणत्याही वेदनेहून अधिक बोचरी होती. ज्या हातावर उभे आयुष्य उभारले, तो हात मी हौसेपायी पणाला लावला होता.

पुढच्या मे महिन्यात मी घाबरतच पुन्हा तीर्थनला गेलो. तेथील वाटाड्याने माझी छडी हाती घेतली, दोन वेळा झुलविली आणि विचारले, “साहेब, मासा किती लांब आहे?” मी म्हणालो, “असेल पंचवीस फूट.” “मग साठ फुटांची छडी कशाला?” त्याने माझी जुनी, भेगाळलेली दोरी काढून स्वतःची नवी दोरी चढविली. फेक निम्मी सुधारली. मग त्याने स्वतःची मध्यम किमतीची छडी माझ्या हाती दिली आणि उरलेली निम्मीही सुधारली.

यामागचे गणित डॉक्टरांना सहज पटेल. छडीवरील आकडा हा दोरीच्या वजनाचा आकडा असतो आणि ते वजन ग्रेनमध्ये मोजतात. होय, तोच आपला जुना ग्रेन, म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम! पाच ग्रेनची ॲस्पिरिन म्हणजे ३२५ मिलिग्रॅम. फेनोबार्बिटोनच्या ३० व ६० मिलिग्रॅमच्या गोळ्या हे अर्ध्या व एका ग्रेनचेच अवशेष. पाच क्रमांकाच्या दोरीच्या पुढच्या ३० फुटांचे प्रमाणित वजन १४० ग्रेन, म्हणजे जेमतेम ९ ग्रॅम. तीर्थनसारख्या लहान नदीत छडीबाहेर दोरी असते पंधरा-वीस फूट. पंधरा फुटांवर छडीवर येणारा भार साडेचार ग्रॅमच्याच आसपास. एवढ्याशा भाराने ताठ छडी वाकतच नाही. आपण मुलाच्या वजनानुसार मात्रा ठरवितो. मी मात्र बाळाला मोठ्या माणसाची मात्रा दिली होती.

म्हणून माझ्यासारख्या मधल्या पायरीवरच्यांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, आधी दोरी बदला. स्वच्छ, नवी, योग्य क्रमांकाची दोरी जुन्या छडीलाही तारुण्य देते. दुसरी, आपल्या नदीचे अंतर ओळखा. लहान नदीतील ट्राउटसाठी साडेआठ ते नऊ फुटांची, चार किंवा पाच क्रमांकाची, मध्यम ते मध्यम-वेगवान प्रकृतीची छडी पुरते. महासीरसाठी आठ क्रमांकाची छडी लागते. दोन्हींसाठी एकच छडी घेण्याचा मोह टाळावा. तिसरी, शक्यतो छडी उसनी घेऊन पाहा आणि वीस, तीस व पंचेचाळीस फुटांवर फेकून पाहा. दुकानात ती सर्वांत दूर किती जाते हे दाखवितात. आपण सर्वांत जवळ ती कशी वागते हे पाहावे. चौथी, रिळावर फार खर्च करू नका. ट्राउटच्या मासेमारीत ते बहुतांशी दोरी गुंडाळून ठेवण्याचेच काम करते.

आज अव्वल छड्यांची किंमत हजार डॉलरच्या घरात जाते. परंतु दोनशे ते तीनशे डॉलरमध्ये उत्तम छडी मिळते. ऑर्विसची क्लिअरवॉटर हे त्यातील एक परिचित नाव. तिला २५ वर्षांची हमी असते. मात्र आपल्याकडून तुटलेला भाग परदेशी पाठविण्याचा खर्च व सीमाशुल्क यांचा हिशेब आधीच मांडावा. चार तुकड्यांची छडी घ्यावी. नऊ फुटांच्या छडीचा प्रत्येक तुकडा सव्वादोन फुटांचा होतो आणि रेल्वेच्या बाकाखाली सुखाने मावतो.

ती महागडी छडी मी निम्म्या किमतीत विकून टाकली. २०१८ पासून तशीच एक मध्यम छडी वापरतो. कोपर पुन्हा दुखले नाही. हिवाळ्यात पहाटे घराजवळच्या मैदानावर दोरीच्या टोकाला लोकरीचा लाल धागा बांधून सराव करतो. एकदा एका बालरुग्णाचे वडील थबकले आणि काळजीने म्हणाले, “डॉक्टरसाहेब, इथे तर पाणीच नाही!” मी त्यांना म्हणालो, “म्हणूनच शिकता येते.”