देवावर रुसलेल्या लेकरांसाठी

बचत, कर्ज आणि हप्ता आज बाजूला ठेवू. आज मनाच्या जखमेबद्दल बोलायचं आहे.

आमच्या भागातल्या एका गटात एक ताई आहेत. ओळख पटू नये म्हणून गाव सांगत नाही. त्यांच्या नवऱ्यानं कर्जापायी आत्महत्या केली. लेक तेव्हा वीस वर्षांची होती. वर्षभरात पोरीनं कॉलेज सोडलं. तिला रात्री झोप लागेना, मोटारसायकल दारात थांबली तरी ती दचकायची. लहानपणापासून देव्हाऱ्यात दिवा तीच लावायची, तोही बंद केला. म्हणायची, "देव असता तर त्यानं माझ्या बापाला अडवलं नसतं का?"

आई घाबरली. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी अंगारा आणून दिला. मीही शहाणपण शिकवलं. म्हटलं, "असं बोलू नये बाळ, सोमवार धर, मन शांत होईल." त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलेना. माझी चूक मला उशिरा कळली. तिला उत्तर नको होतं. ऐकणारं माणूस हवं होतं.

नीट ऐकून उपचार करायची एक पद्धत आहे. तिला मनोविश्लेषण म्हणतात. तिची सुरुवातही अशाच एका लेकीपासून झाली. युरोपात व्हिएन्ना नावाचं शहर आहे. तिथली बर्था पापेनहाइम 1880 साली एकवीस वर्षांची होती. आजारी बापाची सेवा करता करता तीच आजारी पडली. हात-पाय लुळे पडायचे, बोली जायची. डॉक्टर ब्रॉयर रोज तिच्याजवळ बसून ऐकायचे. मनात दडलेलं बोलली की तिला हलकं वाटायचं. त्याला तिनंच 'बोलून बरं होणं' असं नाव दिलं. थट्टेनं ती त्याला 'धुराडं झाडणं' म्हणायची. चुलीची काजळी झाडणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजवायला नको. पुढे फ्रॉइड नावाच्या डॉक्टरांनी यातून मनोविश्लेषणाची पद्धत उभी केली. आपल्या देशात गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 साली कोलकात्यात या विषयाची संस्था काढली.

बर्था लगेच बरी झाली नाही. नंतरही तिला काही वेळा दवाखान्यात राहावं लागलं. पण 1904 साली याच बाईनं जर्मनीत ज्यू महिलांची मोठी संघटना उभी केली आणि निराधार मुलींसाठी घर चालवलं.

या उपचारात होतं काय? ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, पाऊण तास आपण बोलायचं. मनात येईल ते बोलायचं. स्वप्न, राग, लाज, काहीही. समोरचा माणूस रागवत नाही, उपदेश करत नाही आणि ऐकलेलं बाहेर सांगत नाही. हळूहळू दोघं मिळून पाहतात, की जुनं दुखणं आजच्या वागण्यात कुठून डोकं काढतंय.

फ्रॉइड यांनी 1917 साली एक फार कामाची गोष्ट लिहिली. माणूस गेलं की दुःखाबरोबर त्याच्यावर रागही येतो. "आम्हाला सोडून का गेलास?" पण गेलेल्या बापावर रागवायचं कसं? मग तो राग आत वळतो, आणि पोर स्वतःलाच दोष देत बसते, "मीच लक्ष दिलं नाही." मला वाटतं, कधी तोच राग देवावरही जातो. दिवा बंद होतो, पण आत राग असतो बापावरचा. तो राग एकदा मोकळा बोलता आला, की रडू येतं. आणि रडू आलं की दुःख पुढे सरकतं.

म्हणून चांगला समुपदेशक 'देव आहे' असंही पटवत नाही आणि 'देव खोटा' असंही म्हणत नाही. तो निवाडा ज्याचा त्यानं करायचा. आणि बायांनो, देवावर रागावणं हे पाप समजू नका. आपल्या गंगाखेडच्या जनाबाई विठ्ठलाला अरे-तुरे करून भांडल्या, तरी आपण त्यांना संतच म्हणतो.

खरं तेही सांगते. आठवड्यातून चार-पाच दिवस, वर्षानुवर्षं चालणारं पुरतं मनोविश्लेषण मोठ्या शहरातच मिळतं, आणि ते महाग असतं. पण त्याच विचारावर आठवड्यातून एकदा बोलण्याचे उपचारही होतात. आजार जास्त असेल तर मानसोपचारतज्ज्ञ औषधही देतात. दोन्ही एकत्र चालतं. सुरुवात जिल्हा रुग्णालयापासून करा. शेतकरी कुटुंबांसाठी शासनानं 2015 साली 14 जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यात आपला परभणी जिल्हा आहे. आशाताईंना विचारा. टेलिमानसचा 14416 हा नंबर फुकट आहे. तो रात्रंदिवस चालतो आणि त्यावर मराठीतही बोलता येतं.

आपण काय करायचं? लेकरू बोलायला लागलं की मधेच तोडू नका. "दुसऱ्यांचं बघ किती वाईट झालं" असं म्हणू नका. खोदून खोदून विचारू नका, बोलेल तेवढं ऐका. जगावंसं वाटत नाही असं म्हणालं तर "जीव द्यायचा विचार येतो का?" असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. येतो म्हणालं तर एकटं सोडू नका, घरातलं फवारणीचं औषध दुसरीकडे हलवा, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. पोलिसांच्या भीतीनं लपवू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला शिक्षा नव्हे, उपचार द्यायला सांगितलं आहे.

ती मुलगी आता दर आठवड्याला समुपदेशनाला जाते. आई बसस्टँडपर्यंत सोबत असते. परवा ती मला म्हणाली, "मावशी, आज मी बापावर खूप ओरडले." मी नुसती मान हलवली. दिवा लावते का, हे मी विचारलं नाही.

येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं थांबा आणि एकमेकींना विचारा, "घरातलं पोर गप्प गप्प आहे का गं?"